आधी फ्यूज, मग कौतुक

दिवाळी अंकात मी पिनबॉलच्या जुन्या मशीनांवर दोन पानं लिहिली, तेव्हा वाटलं होतं की चिकागोतले आम्ही काही म्हातारे सोडले तर कोणी वाचणार नाही. पत्रं आली ती मात्र तिशी-चाळिशीतल्या मंडळींची. त्यातल्या बहुतेकांनी मशीन आधी घरात आणलंय आणि प्रश्न नंतर विचारलाय.

तो लेख ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काचेखाली उतरती लाकडी फळी, तिच्यावर घरंगळणारी पोलादी गोळी, ती खाली पडू नये म्हणून बटणाने उसळणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या, म्हणजे फ्लिपर, आणि मागच्या उभ्या पेटीत रंगीत काचेआड मोजले जाणारे गुण. १९७७ च्या सुमारापर्यंत या मशीनांमध्ये चिप नावाची वस्तू क्वचितच सापडे. सगळी मोजदाद रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), कॉइल (वीज मिळाली की लोखंड ओढणारी तारेची वेटोळी) आणि पातीचे स्विच (धातूच्या लवचीक पट्ट्या एकमेकींना टेकून चालणारे) करत. या वेळची उत्तरं मुख्यतः याच इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे ‘ईएम’ मशीनांबद्दल आहेत. माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये स्ट्रोजर स्विचांच्या, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या जुन्या यांत्रिक स्विचांच्या, रांगांत गेली. पुढे अमेरिकेत आल्यावर एका मित्राच्या तळघरात असं मशीन उघडलेलं पाहिलं, तेव्हा परक्या गावात आपल्या खात्यातला माणूस भेटावा तसं झालं. तेच रिले, तेच टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारे स्टेपर, तोच खडखडाट.

काका, नेपरव्हिलजवळ एका इस्टेट सेलमध्ये गॉटलीब कंपनीचं १९७६ चं ‘रॉयल फ्लश’ मशीन मिळालं. तळघरात कित्येक वर्षं बंद होतं म्हणे. घरी आणून लगेच प्लग लावला आणि दिवे लागले! पण स्टार्टचं बटण दाबलं की आतून घर्रर्र आवाज येत राहतो, तो थांबतच नाही आणि खेळ सुरू होत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. आयुष्यात सोल्डरिंग केलेलं नाही. मला जमेल का?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

जमेल. काका म्हणालात म्हणून हक्काने सांगतो: आधी प्लग काढा आणि मग पुढचं वाचा.

इतकी वर्षं झोपलेल्या मशीनला थेट वीज देणं ही या छंदातली सगळ्यात महागडी उत्सुकता. आत एखादा स्विच चिकटून बसला असेल तर त्याची कॉइल चालूच राहते. या कॉइली क्षणभर ओढायला बनवलेल्या असतात, सतत तापायला नव्हे. थोड्याच वेळात वास येतो, मग धूर, आणि आतली नायलॉनची नळी वितळून प्लंजर, म्हणजे कॉइल ओढते तो लोखंडी दांडा, तिथेच जाम. तुमचं नुसती मोटर फिरत राहण्यावर निभावलं. यापुढे मशीन स्विचवाल्या एक्स्टेन्शन बोर्डावरच लावा आणि पहिल्या चाचण्यांत एक हात त्या स्विचवर असू द्या. वास आला की बंद, विचार नंतर.

आता समोरचं नाण्यांचं दार उघडा. आत हात घातलात की एक खटका लागेल, तो सरकवला की पुढची धातूची पट्टी सुटते आणि काच बाहेर ओढता येते. गोळी काढून ठेवा. फळी पुढच्या बाजूने उचलून तिच्या दांडीवर टेकवा. खाली जे दिसेल त्याने घाबरू नका. तळाला ट्रान्सफॉर्मर, स्कोअर मोटर आणि रिलेंच्या रांगा, वर फळीच्या पोटाला कॉइली आणि स्विच, आणि सगळीकडे कापडी वेष्टणाच्या नाहीतर प्लास्टिकच्या रंगीत वायरी.

पहिल्या दिवशी फक्त टॉर्च, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. तळाशी नाणी, रबराचे तुकडे, उंदराच्या लेंड्या आणि स्क्रू सापडतील. नाणी तुमची. स्क्रू मात्र बरणीत जपून ठेवा, कारण त्यातला प्रत्येक कुठून ना कुठून पडलेला असतो, आणि ती जागा शोधणं तुमच्या यादीत आलंच.

मग फ्यूज. प्रत्येक फ्यूज क्लिपमधून बाहेर काढून मीटरने तपासा. जागेवर असताना तपासला तर दुसऱ्या वाटेने वीज फिरून मीटर खोटं बोलतो. शेजारी चिकटवलेल्या कागदावरचा आकडा आणि फ्यूजच्या टोपीवरचा आकडा जुळतो का बघा. दहाच्या जागी वीस बसवलेला असेल, किंवा वितळलेल्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली असेल, तर समजा की आधीच्या कोणीतरी दोष शोधण्याऐवजी त्याचं तोंड दाबलंय. तो दोष आत तसाच आहे.

वायरीबद्दल. जुन्या मशीनांना अनेकदा दोनच पिनांची वायर असते. ती बदलून तीन पिनांची घाला आणि अर्थिंग ट्रान्सफॉर्मरच्या सांगाड्याला, नाण्यांच्या दाराला, बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना आणि पायांना जोडा. पायांना कशाला, असं विचारू नका. तळघरातल्या ओलसर फरशीवर अनवाणी उभं राहून लोक त्या धातूला धरूनच खेळतात. एवढं एक काम जाणकाराकडून करून घेतलंत तरी हरकत नाही. १२० व्होल्ट फक्त मोजक्या जागी असतात: आत येणारी वायर, पहिला फ्यूज, ट्रान्सफॉर्मरची एक बाजू, मुख्य स्विच, आणि आत दुरुस्तीसाठी ठेवलेलं सॉकेट असेल तर ते. त्यापलीकडे गॉटलीबमध्ये कॉइलींना साधारण २४ व्होल्ट आणि दिव्यांना ६ व्होल्टच्या आसपास. बॅली कंपनीच्या ईएम मशीनांत कॉइलींना ५० व्होल्ट असतात, तिथे जरा जास्त जपा. मोठे कपॅसिटर आत नसतात, त्यामुळे प्लग काढला की मशीन निर्धोक. नवशिक्याने ईएमपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो त्याचं हे एक कारण.

आता तुमचा घर्रर्र. स्टार्ट दाबल्यावर मशीन पहिलं काम काय करतं? मागच्या खेळाचे गुण पुसतं. स्कोअर मोटर फिरते, तिच्या कॅमांवरचे (खाचा असलेल्या फिरत्या चकत्यांवरचे) स्विच ठोके देतात, आणि प्रत्येक ठोक्याला स्कोअरची रिळं एकेक आकडा पुढे सरकत शून्यावर येतात. रीळ शून्यावर आलं की त्याच्या कडेचा एक छोटा स्विच ‘मी पोचलो’ असं कळवतो. सगळ्या रिळांची आणि बाकीच्या स्टेपरांची वर्दी आली की मोटर थांबते आणि पहिली गोळी बाहेर येते. तुमच्याकडे कोणा एकाची वर्दी येत नाहीये, म्हणून मोटर वाट बघत फिरतेय. तुमच्या भाषेत, लूपमधून बाहेर पडायची अट पूर्ण होत नाही.

मागच्या पेटीचं दार उघडून मोटर फिरताना रिळांकडे बघा. एखादं रीळ सातावर किंवा तिनावर अडून बसलं असेल तर त्याचा प्लंजर किंवा कॉइल बघायची. सगळी शून्यावर असूनही मोटर फिरत असेल तर कुठल्या तरी शून्याच्या स्विचावर मळ आहे. दोन्ही ठीक असतील तर तळाच्या नि मागच्या पेटीतल्या स्टेपरांकडे वळा. बेकलाइटच्या चकतीवर पितळी टिकल्या, त्यांवर फिरणारे हात आणि परत आणणारी स्प्रिंग अशी ही रचना असते. कारखान्यात लावलेलं ग्रीस चाळीस-पन्नास वर्षांत तपकिरी डिंक झालेलं असतं, आणि स्प्रिंगला हात मागे आणण्याचं बळ पुरत नाही. फोटो काढा, स्टेपर उघडा, अल्कोहोलने डिंक धुवा, टिकल्या बारीक स्क्रबरने घासून चकचकीत करा. जोडताना स्प्रिंगला पूर्वी होते तेवढेच वेढे द्या. हात अडखळतोय म्हणून स्प्रिंग आणखी पिळायची हा उपाय नव्हे, त्याने पुढे सरकणं बंद होतं.

स्विच साफ करायला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घ्या, अल्कोहोलमध्ये बुडवा, दोन संपर्कांमध्ये घाला, बोटाने हलकं दाबून बाहेर ओढा. काळी रेघ आली की पुन्हा. एवढ्याने भागलं नाही तर फ्लेक्सस्टोन नावाची लवचीक पट्टी मिळते. लोखंडी कानस या बारीक चांदीच्या टिकल्यांवर चालवू नका.

आणि पात्या वाकवू नका! हे मोठ्या टाइपात छापा असं मी संपादकांना सांगितलंय. हे मशीन कुठल्या तरी बारमध्ये वर्षानुवर्षं रोज चालत होतं. पात्या आपोआप वाकत नाहीत. जी वाकडी दिसेल ती आधीच्या एखाद्या उत्साही हाताने वाकवलेली असते, आणि ईएममधले निम्मे दोष मी तरी याच वर्गातले पाहिलेत. वाकवायचीच वेळ आली तर पाती सरळ करायचं खास हत्यार घ्या, एका वेळी एकच पाती, आणि लगेच चाचणी. दहा पात्या ‘जरा जरा’ नीट करून मग वीज दिलीत तर कुठल्या बदलाने काय झालं ते सांगायला कोणी नाही.

सर्किटचा मोठा कागद मिळवा. पेटीत नसेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचं ‘पिनबॉल रिसोर्स’ गॉटलीबचे कागद आणि सुटे भाग दोन्ही पुरवतं. कागद वाचताना आधी कोपऱ्यातली टीप बघा. स्विच कुठल्या स्थितीत दाखवलेत ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ते न वाचता पुढे गेलात तर सगळा कागद उलटा वाटेल. वायरींचे रंग कागदावर असतात, पण जुन्या वायरी विटलेल्या असतात. वायर जिथे गुंडाळ्यात आत शिरते तिथे दोन बोटांनी उघडून बघा, आतला रंग शाबूत असतो.

एक तक्रार तुमच्याबद्दल. चौघांच्या खेळाचं मशीन पहिलंच म्हणून घेतलंत. म्हणजे रिळांचे चार संच आणि कोणाची पाळी ते सांभाळणारी यंत्रणा वेगळी. एकट्याच्या खेळाचं घेतलं असतं तर हाच धडा कमी मळात झाला असता. असो, ‘रॉयल फ्लश’ खेळायला मजेदार आहे, तेव्हा माफ.

उजवा फ्लिपर मरतुकडा झालाय. गोळी अर्ध्या फळीपर्यंतही जात नाही. डावा उत्तम. नवी, जास्त ताकदीची कॉइल घालू का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नको. डाव्याला जी कॉइल पुरते ती उजव्यालाही पुरली पाहिजे. ताकद कॉइलपर्यंत पोचत नाहीये.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं वेटोळं जोराचा झटका देतं, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवतं. फ्लिपर खाली असताना एक स्विच बारीक वेटोळ्याला वळसा घालून सगळी वीज जाड वेटोळ्यातून पाठवतो. फ्लिपर वर पोचला की तोच स्विच उघडतो, दोन्ही वेटोळी एकामागे एक जोडली जातात, प्रवाह उतरतो. त्यामुळे तुम्ही बटण दाबून गोळी फ्लिपरवर तोलून धरलीत तरी कॉइल जळत नाही. हा स्विच मळला की फ्लिपर सुरुवातीपासूनच ‘धरून ठेवण्याच्या’ ताकदीने उठतो, म्हणजे तुमचं लक्षण. आणि तो कधी उघडलाच नाही तर फ्लिपर झकास मारतो आणि कॉइल भाजून निघते. तेव्हा तो साफ करा, आणि फ्लिपर हाताने पूर्ण वर नेल्यावर संपर्कांत तीनेक मिलिमीटर फट पडते का पाहा. इथले संपर्क टंगस्टनचे, कडक, ठिणग्या खाऊन खडबडीत झालेले असतात. यांना मात्र कानस चालते. याच नियमाने पेटीच्या बाजूच्या बटणामागचा स्विचही पाहून घ्या.

तरी जोर आला नाही तर यांत्रिक भागाकडे वळा. प्लंजरचं टोक वर्षानुवर्षं ठोके खाऊन भुईछत्रासारखं पसरतं आणि नळीत घासतं. नळी बदला, टोक घासा, जोडपट्टीचं भोक ओघळलं असेल तर तीही बदला. हे सगळं एका किटमध्ये मिळतं. दोन्ही बाजूंना घाला, नाहीतर पुढच्या महिन्यात डाव्याबद्दल पत्र येईल.

कॉइलच्या प्लंजरला डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल का?
— एक वाचक, सॅन होजे

नाही. प्लंजर कोरड्या नळीतच चालतो. तेल धूळ धरतं, धुळीचा चिखल होतो. शिवाय तो फवारा जवळच्या स्विचांवर बसतो, आणि तिथे रोज ठिणग्या उडतात.

मागच्या पेटीच्या काचेवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय. आतून हलक्या ओल्या फडक्याने पुसलं तर थोडा फडक्यालाच आला. आता छातीत धडधडतंय.
— एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

धडधडू द्या, पण फडकं ठेवून द्या. हे चित्र काचेच्या मागच्या अंगावर शाईचे थर छापून केलेलं असतं. समोरून काच पाहिजे तशी पुसा. मागच्या अंगाला पाणी नको, साबण नको, काच पुसायचं औषध तर अजिबात नको. सुटलेल्या कपच्या बोटाने दाबून ‘बसवायचा’ प्रयत्नही करू नका.

काच बाहेर काढून रंगाची बाजू वर करून आडवी ठेवा, भरपूर उजेडात फोटो घ्या. उरलेला रंग जागेवर धरून ठेवायला पारदर्शक जाड स्प्रे मारतात. क्रायलॉनचा ‘ट्रिपल थिक’ पुष्कळ लोक वापरतात. एका कोपऱ्यात, पत्र्याच्या चौकटीखाली झाकली जाईल अशा जागी, आधी थोडा मारून बघा, कारण काही जुन्या शाया स्प्रेने आकसतात. हे एकदा मारलं की परत काढता येत नाही, म्हणून मन पक्कं करूनच. गेलेल्या जागा रंगवायच्या असतील तर सपाट रंगाच्या, कपडे-आकाश अशा जागांपासून सुरुवात करा. चेहरे सोडून द्या. चेहऱ्यावर थोडा रंग उडालेला परवडतो. नवशिक्याने काढलेला डोळा आयुष्यभर आपल्याकडे बघत राहतो.

रंग सुटण्याची कारणं दोन, दमट हवा आणि मागच्या दिव्यांची उष्णता. मशीन तळघरात असेल तर डीह्युमिडिफायर लावा. दिवे ४४ नंबरचे असतील तर ४७ नंबरचे घाला. व्होल्टेज तेच, पण ४४ नंबरचा पाव अँपिअर खातो आणि ४७ नंबरचा ०.१५ अँपिअर, त्यामुळे उष्णता बरीच उतरते आणि प्रकाश जुन्यासारखाच पिवळसर राहतो. एलईडीही चालतात, पण एसीवर साधे एलईडी थरथरतात, आणि पांढरेफटक घेतलेत तर चित्राचा दवाखाना होतो. उबदार रंगाचे, न थरथरणारे म्हणून विकले जातात ते घ्या.

तुमच्यापासून असबरी पार्क फार लांब नाही. तिथल्या सिल्व्हरबॉल म्युझियममध्ये जुनी मशीनं चालू स्थितीत असतात आणि खेळता येतात. चांगली काच उजळल्यावर कशी दिसते ते तिथे जाऊन पाहा, मग आपल्या काचेचं काय करायचं ते ठरवा.

काका, नाव छापू नका. मशीन घ्यायचं ठरलंय, पण घरी खरी किंमत सांगितलेली नाही. १९७० च्या दशकातलं ईएम घ्यावं की १९८० च्या आसपासचं इलेक्ट्रॉनिक? आणि बघायला गेल्यावर काय पाहावं?
— एक वाचक, गाव छापलेलं नाही

किंमत सांगून टाका. शंभर-सव्वाशे किलोची वस्तू जिन्यावरून उतरवायला घरातला दुसरा माणूस लागतोच, आणि तो प्रसंग किंमत लपवण्याचा नव्हे.

माझं मत ईएमकडे, आणि तेही एकट्याच्या खेळाचं. डोळ्यांनी दिसतं, कानाने ऐकू येतं, पन्नास गुण मिळाले की मोटर पाच ठोके देते ते मोजता येतात. इलेक्ट्रॉनिक मशीनं वाईट नाहीत, त्यांत हालते भाग कमी असतात. पण त्या पिढीच्या बोर्डांवर स्मृती टिकवायला अनेकदा रिचार्ज होणारी बॅटरी असे. ती वर्षानुवर्षं गळते आणि तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. असं मशीन बघायला गेलात तर मागची पेटी उघडायला लावा. बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर किमतीत नवा बोर्ड धरा.

ईएम बघताना मशीन चालू आहे का याला मी फारसं महत्त्व देत नाही. बंद मशीन बहुतेक वेळा नुसतं मळलेलं असतं, आणि मळ आपण काढू शकतो. जे काढता येत नाही ते बघा. मागची काच. फळीवरचा रंग, विशेषतः फ्लिपरांच्या वर आणि जिथे गोळी वरून आदळते तिथे लाकूड उघडं पडलंय का. पेटीच्या तळाचं लाकूड ओलीने फुगलंय का, पाय बसतात ते कोपरे हलतात का. वायरी कापून तिसऱ्याच रंगाच्या जोडल्यात का. एखादा मालक अभिमानाने ‘मी सगळं रिवायर केलंय’ म्हणाला तर चहा घेऊन निघा.

आणल्यावर लगेच रंगकामाला हात घालू नका. आधी चालू करा, महिनाभर खेळा. फळी पाण्याने पुसायची नाही, लाकूड फुगतं. नोव्हस २ नंबरचं प्लास्टिक पॉलिश मऊ कापडावर घेऊन पुसा, वर कार्नौबा मेणाचा हात द्या. गोळी नवीच घ्या: २७ मिलिमीटर व्यास, ८० ग्रॅम वजन, काही डॉलरांत येते. खड्डे पडलेली जुनी गोळी प्रत्येक खेळात फळीला सँडपेपर मारत फिरते. रबराच्या कड्या पांढऱ्या, पूर्ण संच. मशीनचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेवा. आजकालची मशीनं साडेसहा अंशांवर लावतात, तो सल्ला ऐकून ईएम तेवढं चढवलंत तर बिचाऱ्या फ्लिपरांना गोळी वर पोचवता येत नाही.

नातसुनेने कसलंसं नाणं टाकून खेळायचं मशीन घरात आणलंय. माझ्या समजुतीप्रमाणे हा जुगार आहे. ती म्हणते कौशल्य आहे. तुम्ही सांगा.
— एक आजी, शॉमबर्ग, इलिनॉय

आजी, तुमच्या बाजूने न्यूयॉर्कचे महापौर होते. १९४२ मध्ये ला गार्डिया यांनी शहरात पिनबॉलवर बंदी आणली, पोलिसांनी मशीनं उचलली, आणि महापौरांनी स्वतः घण घालून ती फोडतानाचे फोटो वर्तमानपत्रांना दिले. ज्या चिकागोत गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या कंपन्या ही मशीनं बनवत होत्या, तिथेही ती खेळायला कित्येक दशकं मनाई होती. बनवा, विका, पण गावाबाहेर.

त्या काळी महापौर अगदीच चुकीचं बोलत नव्हते. गॉटलीबचं ‘बॅफल बॉल’ आलं १९३१ मध्ये, त्यात फ्लिपर नव्हतेच. गोळी सोडायची आणि खिळ्यांमधून ती कुठल्या खळग्यात जाते ते पाहायचं, फार तर पेटीला धक्का द्यायचा. तो धक्का रोखण्यासाठीच पुढे टिल्ट आलं. गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लंबक आत कडीमध्ये टांगलेला असतो. पेटी जास्त हलवली की तो कडीला टेकतो आणि खेळ बंद. फ्लिपर आले बंदीनंतर पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’वर. तिथून खेळ हाताचा झाला, कायदा मात्र जुन्याच मशीनचा राहिला. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने न्यूयॉर्कच्या नगरसेवकांसमोर खेळून दाखवलं. शेवटी त्याने आधी सांगितलं की गोळी सोडायचा दांडा ओढून ती मधल्या वाटेनेच घालतो, आणि घातली. बंदी उठली.

तेव्हा नातसून बरोबर आहे. तिला म्हणावं, मला शिकव. गुडघ्यांना त्रास असेल तर उंच स्टुलावर बसूनही खेळता येतं, पण फ्लिपर दोन्ही एकदम मारायचे नाहीत, ज्या बाजूला गोळी त्या बाजूचाच.

मेहुणे टेक्सासहून पुण्याला कायमचे परत येतायत आणि त्यांचं १९७३ चं ईएम मशीन कंटेनरमधून आणतायत. इथे २३० व्होल्ट. एवढा अडॅप्टर लावला की झालं ना?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

प्रवासात नेतात तो छोटा अडॅप्टर नव्हे. त्याने फक्त पिना बदलतात किंवा तो स्वतः जळतो. तुम्हाला २३० चं ११० करणारा भक्कम ट्रान्सफॉर्मर हवा, ५०० व्हीए किंवा त्याहून मोठा, आणि आत दोन वेगळी वेटोळी असलेला, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर गुंडाळून देणारा सापडेल. दुकानदार ‘साहेब, अमेरिकेचं १२० असतं, तेवढंच करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. यामागे कारण आहे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. कमी हर्ट्झवर तेवढंच व्होल्टेज दिलं तर मशीनच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकत्व जास्त साठतं, तो जास्त तापतो आणि गुणगुणतो. कॉइलीही एसीवर चालतात, त्याही ५० हर्ट्झवर थोडा अधिक प्रवाह ओढतात. ११० दिलेत तर या दोन्ही गोष्टी बऱ्याच आटोक्यात येतात आणि फ्लिपरचा जोरही कमी होत नाही.

हर्ट्झमुळे एक फरक राहतोच. स्कोअर मोटर विजेच्या लयीवर फिरते, म्हणून ती सहाच्या जागी पाचच्या चालीने फिरेल. गुण जरा सावकाश मोजले जातील. त्याने बिघडत काही नाही. पहिल्या दिवशी मात्र अर्ध्या तासाने मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला, प्लग काढून, हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करून चौकशी.

पॅकिंगबद्दल मेहुण्यांना आजच कळवा. गोळी बाहेर काढायची, ती आत राहिली तर समुद्रभर काच आणि फळी ठोकत येते. मागची रंगीत काच वेगळ्या खोक्यात, उभी, रंगाच्या अंगाला चिकटपट्टी किंवा बबलचं प्लास्टिक न लागता, मध्ये मऊ साधा कागद. मागची पेटी उतरवण्याआधी दोन पेट्यांमधले मोठे प्लग कुठला कुठे जातो त्याचे फोटो, आणि प्रत्येकाला खुणेची पट्टी. इथे पोचल्यावर त्या प्लगांच्या पिना काळ्या पडलेल्या असतील. स्क्रबरने घासून प्लग चार वेळा घाला-काढा, निम्मे ‘गूढ’ दोष तिथेच जातील.

जमिनीलगतच्या खोलीत ठेवणार असाल तर पावसाळ्याआधी पायांखाली पत्र्याच्या वाट्या द्या आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. जुन्या प्लायवूडला वाळवी लागते, आणि ती आतून लागते. सर्किटचा कागद मेहुण्यांना हातातल्या बॅगेत आणायला सांगा. कंटेनर एक-दोन महिने उशिरा आला तर तेवढ्या वेळात तो वाचून होईल.